नोबुएचं ‘काहीच नाही’

नोबुए कात्सुमाताच्या घरी जेवायला बसलं की आधी जेवण किती वाईट झालंय ते ऐकून घ्यावं लागतं. टेबलावर वाट्यांची रांग लागलेली असते, शिजलेल्या मुळ्यावर तकाकी आलेली असते, सूपाच्या वाफेने भूक खवळलेली असते, आणि ही स्वयंपाकघराच्या दारात अॅप्रनला हात पुसत उभी राहून सांगते, “काहीच केलेलं नाही हो. तोंडाला लागेल की नाही कुणास ठाऊक.”

याइझू बंदरात सगळ्याच बायका असं म्हणतात. म्हणावंच लागतं. आपल्या हातचं आपणच चांगलं म्हणणारी बाई आमच्या गावात निर्लज्ज ठरते. पाहुण्याने लगेच ‘छे छे, केवढं केलंत’ म्हणायचं, यजमानिणीने ‘कसलं काय’ म्हणायचं, अशा दोन फेऱ्या झाल्या की सगळे जेवायच्या काड्या उचलून सुरुवात करतात. नोबुए मात्र दोन फेऱ्यांवर थांबायची नाही. जितकी तारीफ मोठी, तितकी तिची निंदा मोठी. कुणी मासा छान झालाय म्हटलं की हिचं उत्तर, “हात बिघडलाय माझा.” कुणी आमटीसारखं भुरकून सूप संपवलं की म्हणणार, “मीठच कळत नाही मला आता.” एकदा तर कुणीतरी ‘असं सूप जन्मात प्यायलो नाही’ म्हणालं, तेव्हा तिने सरळ सांगितलं की ते भांडी विसळलेलं पाणी आहे.

आणि खरं सांगायचं तर तिच्याइतका स्वयंपाकाचा गर्व अख्ख्या बंदरात दुसऱ्या कुणाला नव्हता. ओठात एक आणि पोटात एक, असं तिचं जन्मभर चाललं होतं.

गर्व असायला कारणही होतं. तिचा बाप कुपा मासा धुरावर वाळवायचा. मासा उकडायचा, काटे काढायचे, ओकच्या लाकडाची धुरी द्यायची, पुन्हा थंड करायचं, पुन्हा धुरी, असं करत करत मऊ मासा लाकडासारखा कडक होईपर्यंत. नोबुएचं बालपण त्या धुरात गेलं. शाळेत तिच्या गणवेशाचा वास यायचा म्हणून पोरं तिला ‘मांजरीचा भात’ म्हणून चिडवायची. कारण मांजरीच्या भातावर घालतात तोच तर हा मासा. तिने त्यांना कधी उत्तर दिलं नाही. पण दोन वाळले तुकडे एकमेकांवर आपटून, नुसत्या आवाजावरून, कुठला आतपर्यंत वाळलाय आणि कुठला अजून ओला आहे हे ती सातव्या-आठव्या वर्षी सांगायची, आणि बाप गिऱ्हाइकासमोर तिला मुद्दाम हाक मारायचा. ती लाजून पळून जायची आणि वखारीच्या मागे जाऊन एकटीच हसायची.

लग्न झालं ते कात्सुमातांच्या योशिमित्सुशी. तो कुप्याच्या मागे दक्षिणेच्या समुद्रात जाणाऱ्या बोटीवर होता. वर्षातले जेमतेम दोन महिने घरी. नवऱ्याला जेवण आवडलं की तो न बोलता रिकामा वाडगा पुढे धरायचा, नाही आवडलं की न बोलता उठायचा. सासू त्याच्याहून जास्त बोलायची, पण ते या बाबतीत नव्हे. लग्नानंतर पहिल्या सकाळी नोबुएने रंधा लावलेल्या पेटीवर वाळला कुपा किसला, त्याचं पाणी काढलं, त्यात मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, कालवलं आणि सूप पुढे ठेवलं. सासूने एक घोट घेतला आणि म्हणाली, “पिता येतं.” पुढे तीस वर्षांत तिने त्यात एक शब्द वाढवला नाही. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत म्हणतात. नोबुएचे गहू असे तीस वर्षं कोठीत पडून होते.

सासू गेली, मग नवरा गेला. मुलगा सायतामात नोकरीला, नववर्षाला येतो आणि एका हाताने जेवतो, दुसऱ्या हातात फोन. घरात एकटी राहून करायचं काय म्हणून नोबुए साठीनंतर एका मासळीच्या कारखान्यात पाकिटं भरायच्या कामाला लागली. सत्तरी आली तेव्हा त्यांनी फुलं देऊन घरी पाठवलं. तरीसुद्धा ती रोज सकाळी पेटी काढून कुपा किसायची. एका माणसाच्या सूपाला तो जास्त व्हायचा.

मारिसेल आली ती या वासामागे. मारिसेल फिलिपीन्समधल्या सेबूची, पन्नाशीची, आवाजाने मोठी आणि शरीरानेही. गावातल्या एका इंजिन दुरुस्तीवाल्याशी लग्न करून सहा वर्षांपूर्वी आली आणि वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला लागली. एका सकाळी ती सायकलवरून कामाला निघाली असताना नोबुएच्या खिडकीखाली थांबली आणि रस्त्यावरून ओरडली, “आत काय शिजतंय?”

नोबुए गोंधळली. आमच्याकडे कुणी असं विचारत नाही. तिने घाईघाईने एक वाडगा भरून दारात नेला. “काहीच नाही हो, साधं सूप आहे, तोंडाला लागेल की नाही...”

मारिसेलने सायकल मांडीला टेकवून उभ्या उभ्याच वाडगा रिकामा केला, डोळे मिटले आणि म्हणाली, “नानाय, हे प्यायल्यावर मला आज दिवसभर कुणाचा राग येणार नाही.” नानाय म्हणजे त्यांच्याकडे आई. त्या दिवशी नोबुएने घर दोनदा झाडलं. एवढं बरं वाटल्यावर करायचं काय ते तिला सुचेना.

महिन्यातून एका रविवारी दुपारी मारिसेल जेवायला यायला लागली. तिचे गुडघे खाली बसायला तयार नव्हते, म्हणून नोबुएने जुन्या बाजारातून टेबल-खुर्च्या आणल्या. मग रेत्नो आली. रेत्नो जावा बेटावरची, पंचविशीतली, डोक्याला रुमाल बांधणारी, हळू बोलणारी. नोबुए कारखान्यात होती तेव्हा ती तिच्या शेजारी उभी राहून पाकिटं भरायची, आणि डब्यात रोज भात, अंडं आणि मिरचीचा ठेचा आणायची. नोबुएनेच तिला रविवारी बोलावलं.

त्या पहिल्या जेवणात नोबुएने माती खाल्ली. रेत्नोने विचारलं, “यात डुक्कर नाही ना?” नोबुए म्हणाली, “छे, मासा आहे.” रेत्नोने काड्या उचलल्या, मग जरा थांबून विचारलं, “आणि दारू?” आता माशाच्या रश्शात साके आणि तांदळाची ती गोड दारू, मिरिन, यांच्यावाचून आमच्याकडे पान हलत नाही. ती कुणी दारू म्हणून मोजतच नाही. मीठ-साखरेच्या शेजारी बाटली असते. स्वतःच्या जेवणाबद्दल चांगलं बोलायची अशी संधी नोबुएला कधी मिळाली नव्हती. ती अभिमानाने म्हणाली, “घातलीय तर. चांगल्यातली घातलीय, स्वस्तातली नाही.”

रेत्नोने काड्या खाली ठेवल्या. कोरा भात आणि मुळ्याचं लोणचं खाऊन ती उठली, पण जाताना इतकी वाकून आभार मानून गेली की नोबुएला रडू आलं. पाहुणी तिच्या घरून अर्धपोटी गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून नोबुए पुन्हा स्वयंपाक शिकायला बसली. सत्तरीच्या पुढे. मिरिनशिवाय मुळा केला तर तो निस्तेज. साकेशिवाय मासा केला तर तो वासट. समोरच्या घरातल्या योनेकोसानकडे कित्येक दिवस बिघडलेल्या वाट्या जात राहिल्या. शेवटी तिने एकेक गोष्ट पकडत आणली. माशावर आधी उकळतं पाणी ओतायचं, लगेच थंड पाण्यात धुवायचा आणि आल्याचा हात सैल सोडायचा, की वास गेला. कांदा मंद आचेवर बराच वेळ शिजवून त्याचं पाणी घालायचं, की गोडी आली. तकाकीला तांदळाच्या साखरेचा दाट पाक. दारू न घातलेला सोया सॉस रेत्नोनेच कुठूनतरी आणून दिला. दोन भांडी वेगळी काढली, त्यांच्या कानाला लाल दोरा बांधला. आणि एका रविवारी टेबलावर सगळं मांडून ती रेत्नोला म्हणाली, “यातलं सगळं तू खाऊ शकतेस. विचारायची गरज नाही.” एवढं बोलून लगेच सवयीने जोडलं, “पण चव काही नाही हो. वय झालं माझं.”

रेत्नो त्या दिवशी पोटभर जेवली. कुप्याचं काळीज मिसोत शिजवतात आमच्याकडे, बाहेरगावचे लोक त्याच्याकडे बघूनच तोंड वाकडं करतात. रेत्नोने ते दोनदा मागून घेतलं आणि मारिसेलने तिच्या वाटीतलं पळवलं. दोघी भांडल्या. नोबुए दारात उभी राहून म्हणत होती, “नका हो खाऊ एवढं, पोट बिघडेल, मला काही जमलेलं नाही.” आणि आतून ती फुलून गेली होती. दोघी गेल्यावर तिने भांड्याच्या तळाशी राहिलेला एक तुकडा उभ्यानेच तोंडात टाकला, नीट चावला आणि मान हलवली. तिला काही जमलेलं नव्हतं असं मुळीच नव्हतं.

असे बरेच रविवार गेले. त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यापासून नोबुए बाजारात वेगळ्या चालीने चालायची. मासळीवाला विचारायचा, “काय कात्सुमातासान, कुणी मोठं माणूस येतंय वाटतं?” ती म्हणायची, “कुठलं आलंय, पोटापुरतं घेतेय.” आणि त्याच्याकडचा सगळ्यात चांगला तुकडा बोट दाखवून वेगळा काढून घ्यायची.

अडचण अशी की मारिसेल आमची भाषा शिकली ती वृद्धाश्रमात. तिथे एखादी आजी ‘हात चालत नाही गं’ म्हणाली की हात खरोखरच चालत नसतो आणि तिला भरवावं लागतं. ‘मला आता जमत नाही’ म्हटलं की दोघींनी धरून उचलावं लागतं. त्यात नोबुएच्या मनगटावर तिला औषधी पट्टी दिसली. मारिसेलने रेत्नोला बाजूला घेतलं. “दर वेळी बिचारी सांगते. हात बिघडलाय, मीठ कळत नाही, जमत नाही. आणि आपण काय करतो? हसतो आणि खातो.”

रेत्नोचा चेहरा पडला. “आपण तर इबूकडून दोन-दोनदा मागून घेतो,” ती म्हणाली. इबू म्हणजे तिच्याकडची आई. “माझ्या घरी आईने असं सांगितलं असतं तर मी तिला चुलीजवळ जाऊ दिलं नसतं.”

तेव्हा पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर मारिसेलने नोबुएचे दोन्ही हात हातात घेतले. “नानाय, आमचं ठरलंय. पुढच्या वेळेपासून तुम्ही काही करायचं नाही. आम्ही घेऊन येऊ. तुम्ही नुसतं राणीसारखं बसायचं.”

नोबुएला हे मुळीच नको होतं. पण एवढ्या प्रेमाने कुणी काही देऊ केलं तर आमच्याकडे काय म्हणतात ते तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. “अगं बाई, केवढी माझी काळजी. सुटले बाई. खरंच फार बरं झालं.” आणि ती दोनदा वाकली.

दार लागल्यावर ती तिथेच उभी राहिली. मग उरलेला मुळा वाटीत घालून समोरच्या योनेकोसानकडे गेली. योनेकोसान ऐंशीच्या पुढची, एकटी, जिभेला हाड नसलेली. सगळं ऐकून घेतल्यावर तिने मुळ्याचा तुकडा तोंडात टाकला.

“मग सूट की,” ती म्हणाली. “तूच म्हणालीस ना, सुटले म्हणून?”

“तसं म्हणायचं असतं, योनेकोसान.”

“आपल्यात. त्या पोरींना काय माहीत? तू सांगतेस हात बिघडला, त्या म्हणतात आईचा हात बिघडला. माझ्या मुलापेक्षा शहाण्या आहेत त्या. तो गेल्या वर्षी मी पडले तरी आला नाही.”

“आता मी काय करू?”

“सांग. म्हणावं, माझं जेवण चांगलं असतं, ते खायला या.”

“असं कुणी तोंडाने सांगतं का? लाज नाही वाटणार?”

“नाही सांगत कुणी,” योनेकोसान म्हणाली. “मीही कधी सांगितलं नाही. म्हणून तर माझ्याकडे कुणी जेवायला येत नाही. भीड भिकेची बहीण असते, नोबुए. वाटी उद्या नेलीस तरी चालेल.”

नोबुए वाटी घेऊनच घरी आली. रविवार सोडला तर तिच्या महिन्यात होतं काय? ते टेबल तिने एकटीसाठी आणलं नव्हतं. ‘तुम्ही या, मी करते’ एवढे चार शब्द ती महिनाभर मनात जुळवत राहिली, आणि बाजारात मारिसेल भेटली तेव्हा म्हणाली, “हवा गार झाली नाही?”

रविवार आला. सकाळी नोबुए सवयीने बंदरावर गेली आणि कुप्याचा ताजा तुकडा घेऊन आली. शरद ऋतूतला परतीचा कुपा, चरबीने भरलेला. आपल्या रात्रीच्या जेवणाला होईल, असं तिने स्वतःला सांगितलं. रात्रीच्या सूपासाठी म्हणून समुद्री शेवाळाची पट्टीही पाण्यात टाकून ठेवली. थोडा भातही लावला. रात्रीच्या जेवणाची तयारी सकाळी साडेनऊला कुणी करत नाही, हे तिला माहीत होतं.

मारिसेल आणि रेत्नो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आल्या. मारिसेलने खुर्ची ओढून नोबुएला तीत बसवलं, तेही पाहुण्याच्या जागी, आणि स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. “आज या दारातून तुम्हाला आत सोडणार नाही.” मग सुपरमार्केटमधली तबकं उघडली गेली. तळलेली कोंबडी, सुशीचं मोठं तबक, सोया-साखरेत चमकणारा भोपळा, माशाचे भाजलेले तुकडे. मारिसेलने पैसे खर्च करून, रांगेत उभं राहून, जीव लावून आणलं होतं सगळं. नोबुए मांडीवर हात ठेवून बसली होती. हातांना काही कामच नव्हतं. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी म्हणतात, तशी तिची गत झाली होती.

“घ्या नानाय, आधी तुम्ही.”

नोबुएने भोपळा खाल्ला. गोड मिट्ट होता, आणि त्याला भोपळ्याची चवच नव्हती. “फार छान आहे,” ती म्हणाली.

तेवढ्यात तिचं लक्ष रेत्नोकडे गेलं. रेत्नोने कोंबडीचं तबक उचललं, उलटं करून मागची चिठ्ठी वाचली आणि खाली ठेवलं. भोपळ्याचं वाचलं, ठेवलं. सुशीचं वाचलं, ठेवलं. हे सगळं तिने इतक्या हळूच केलं की मारिसेलला कळलंही नाही. मग तिने आपल्या पिशवीतून एक संत्रं काढलं आणि सोलायला लागली.

“खात का नाहीस गं?” मारिसेल म्हणाली. “डुक्कर कशातच नाही, मी विचारून आणलंय.”

“साके आहे,” रेत्नो म्हणाली. “सगळ्यात थोडी थोडी असते. काही होत नाही, मारिसेलसान. मला भूक नाही फार.”

मारिसेलने कपाळावर हात मारला. “अगं, पण इथे तर तू सगळं खायचीस. नानायच्या हातचं...” ती बोलता बोलता थांबली. एवढे दिवस या टेबलावर रेत्नोला एकदाही काही विचारावं लागलं नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

“सवय आहे मला,” रेत्नो संत्र्याची फोड तोंडात टाकत नोबुएला म्हणाली. “कारखान्यात रोज असंच असतं, इबू. तुम्ही जेवा.”

नोबुएला राग आला. तो कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. मारिसेलचा तर नव्हताच. बहुतेक आपल्याच तोंडाचा आला असावा. आपल्या टेबलावर ही पोर पुन्हा उपाशी बसली होती, तीही आपल्याच भिडेपायी. ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे चालायला लागली.

मारिसेल आडवी आली. “नानाय, बसा ना. तुमचा हात—”

“माझ्या हाताला काही झालेलं नाही,” नोबुए म्हणाली. “पट्टी लावते ती रोज कुपा किसते म्हणून. बाजूला हो.”

मारिसेल बाजूला झाली. सहा वर्षांत या गावात कुणी तिच्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं.

मग आतून आवाज यायला लागले. पेटी ओट्यावर ठेवल्याचा, रंध्यावर कुपा घासल्याचा सर्र सर्र. गॅस पेटल्याचा. लाल दोऱ्याचं भांडं उतरवल्याचा. दोघी बाहेर बसून ऐकत होत्या. मग वास यायला लागला. माशावर उकळतं पाणी पडलं, आल्याचा वास आला, मग सोयाचा. सूपाच्या पाण्यात कुप्याचा कीस पडला आणि सगळ्या घरात धुराचा तो जुना, गोडसर वास भरला. अंडं तिने सूपाच्या पाण्यात फेटून पातळ थरांत गुंडाळलं. सुरी फळीवर झपझप चालत होती. मीठ न कळणारी बाई अशी सुरी चालवत नाही, हे मारिसेलला त्या दिवशी कळलं असावं. ती खुर्चीत ताठ बसली होती.

नोबुए बाहेर आली. रेत्नोपुढे भात ठेवला, सूप ठेवलं, आल्याच्या रश्शातला मासा ठेवला, अंडं ठेवलं. सुपरमार्केटची तबकं भिंतीकडे सरकवली. मग नेहमीच्या जागी, दारात जाऊन उभी राहिली आणि अॅप्रनला हात पुसायला लागली.

दोघी तिच्याकडे बघत होत्या. आता काय येणार ते सगळ्यांना पाठ होतं. नोबुएचं तोंड उघडलं, जीभ वळलीही. तिने ते वाक्य गिळलं. कानाच्या पाळ्या तापल्या. आपण काहीतरी अंगावरचं काढून टाकतोय की काय, इतकी लाज तिला वाटली.

“चांगलं झालंय,” ती म्हणाली.

मग तिने अॅप्रन सोडला आणि एकेका वाटीकडे बोट दाखवलं.

“सूप चांगलं झालंय. मासा तर फारच चांगला झालाय. दारू न घालता असा मासा या बंदरात दुसऱ्या कुणाला जमत नाही. ते शिकायला मला सबंध हिवाळा लागला. खा.”

रेत्नोने काड्या उचलल्या. मारिसेल मात्र अजून बघतच होती. “नानाय,” ती हळू आवाजात म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे नोबुएला ठाऊक नव्हतं. “मग इतके दिवस तुम्ही वाईट आहे, वाईट आहे असं का सांगत होतात?”

“तुम्ही नाही म्हणावं म्हणून.”

“आम्ही तर दर वेळी नाही म्हणत होतो.”

“आणखी ऐकायचं होतं,” नोबुए म्हणाली. “मला आयुष्यात कुणी म्हटलंच नव्हतं गं. आणि करायचं मला सोडायचं नाही. पुढच्या रविवारी या, येताना काही आणू नका.”

मारिसेलने डोळे पुसले, मग रेत्नोच्या ताटातला अंड्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला. रेत्नोने या वेळी भांडण केलं नाही. ती मान खाली घालून जेवत होती. भात संपला, मासा संपला, रस्सा भाताला पुसून संपला. मग तिने वर बघितलं आणि जसं सुचलं तसं सांगत गेली. माशाला वास नाही. आलं जिभेला चावत नाही, नंतर घशात कळतं. सूप प्यायल्यावर पायांपर्यंत गरम वाटतं. “आणि पोट भरतं, इबू. या गावात मी फक्त इथेच भरल्या पोटी उठते.”

एरवी नोबुएने पहिल्याच शब्दाला हात हलवून ते उडवून लावलं असतं. त्या दिवशी ती मध्ये बोलली नाही. शेवटच्या शब्दापर्यंत तिने सगळं उभं राहून ऐकून घेतलं.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली, आणि रेत्नोची वाटी पुन्हा भरायला आत गेली.